शरयूताईंनी जिंकलेली निवडणूक

रामनवमीला आमच्या वस्तीतल्या देवळात पाय ठेवायला जागा नसे, आणि देवळाच्या पायरीशी शरयूताई चपला सांभाळत उभ्या असत. कोणी सांगितलेलं नव्हतं, त्या कोणत्या मंडळाच्याही नव्हत्या. काठाची सुती साडी, काखेत छत्री, पायाशी शेकडो चपला. पोरं चपला लाथाडून आत पळायला लागली की छत्रीचं टोक पुढे यायचं. "जोडीने ठेव. तुझ्या रामालासुद्धा लक्ष्मण जोडीला लागतो."

माझ्या आईने पहिल्यांदा त्यांना असं पाहिलं तेव्हा विचारलं, "तुम्ही नाही येत आत?"

"मला आत काम नाही हो. तुम्हाला आहे ना? जा निवांत. चपला कुठे जात नाहीत."

आई दर्शन घेऊन आली आणि हळूच मला म्हणाली, "अडचण असेल बाईंची." पुढच्या वर्षीही त्या बाहेरच. त्याच्या पुढच्या वर्षीही. तेव्हा मात्र आई चक्रावली. "दर रामनवमीला बरी अडचण येते रे हिची?"

मी हसलो आणि सांगितलं की बाई देव मानत नाहीत. आईला पटेना. देव न मानणारी बाई देवळाबाहेर दिवसभर उन्हात कशाला उभी राहील? हे मी शरयूताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "देव मी मानत नाही. तुझ्या आईला मानते. तिच्या चपला गेल्या तर तिने घरी अनवाणी जायचं का?"

ही घाटकोपरची गोष्ट. उपनगरं नुकतीच मुंबई महापालिकेत आली होती आणि आमच्या टेकडीखालच्या चाळींत अजून कंदील होते. शरयूताई प्राथमिक शाळेत शिकवायच्या आणि देव न मानणाऱ्या आमच्या डाव्या पक्षाचं काम करायच्या. दोन खोल्या, आणि सोबत म्हातारी आई. आईची दृष्टी गेलेली, पण देव्हारा शाबूत. त्या देव्हाऱ्यातला दिवा रोज संध्याकाळी शरयूताई लावत. मी एकदा डिवचलं, "ताई, हे पक्षात कळलं तर?" त्या वात सारखी करत म्हणाल्या, "तिचे डोळे गेलेत, देव नाही गेला. तिला दिसत नाही म्हणून मी अंधार ठेवू का?"

त्यांचा निरीश्वरवाद असा होता. आमचा, म्हणजे पक्षातल्या आम्हा पोरांचा, वेगळा होता. आम्ही श्रावणात मुद्दाम मटण खायचो आणि ते सगळ्यांना कळेल अशी व्यवस्था करायचो. शरयूताईंना त्याचा कंटाळा होता. "तुमचं सगळं जेवणाच्या ताटात. देवाशी माझं वैर नाही रे. तो निवडणुकीला उभा राहतो तेव्हा माझं वैर." मग त्या सभेत तेच बोलायच्या, अगदी शाळेत गणित शिकवावं तसं. "मतदारांच्या यादीत त्याचं नाव नाही. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलीये. मग त्याच्या नावाने मत कोण मागतंय? आणि का मागतंय? नळ नाही आला तर शेठला जाऊन विचारता येतं, का नाही आला. देवाला विचारता येतं? येत नाही. म्हणून शेठ तुम्हाला नळ देत नाही, देऊळ देतो."

कोणीतरी मागून ओरडायचं, "बाई, नळ द्या आणि देऊळपण द्या ना!"

"देऊळ तुम्ही बांधा की. तुमच्या पैशाने, तुमच्या जागेवर. मी चपला सांभाळीन. पण पालिकेच्या जागेवर नाही. का ते सांगते. देवळापुढे रांग लागली की हा आपला कासिम रांगेत नसतो. नळापुढे लागली की सगळ्यात आधी तोच भांडतो."

कासिम तिथेच उभा असायचा आणि मान डोलवायचा. "बरोबर हाय बाये. पाण्याक मी सोडूचंय नाय."

कासिमची लाकडाची वखार होती, माळाच्या कडेला. तो आमच्याच तालुक्यातला, आमच्यासारखीच मालवणी बोलणारा. चाळींत बहुतेक सगळे कोकणातले, गिरणीत आणि कारखान्यांत जाणारे. वखारीपुढे तो माळ पालिकेचा होता, मोकळा. त्या माळावर शरयूताईंचा जीव अडकला होता. त्यांना तिथे प्रसूतिगृह हवं होतं.

कारण असं की मोठा दवाखाना रेल्वेच्या पलीकडे आणि मधे फाटक. मालगाडी आली की फाटक बंद, आणि बंद म्हणजे किती वेळ ते गार्डालाही माहीत नसायचं. अडलेल्या बाया टांग्यात घालून नेत आणि टांगा फाटकात उभा. शरयूताईंची धाकटी बहीण अशीच गेली. मूल टांग्यातच झालं, तेही गेलं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं आणि सांगताना मधे थांबून म्हणाल्या, "घोडा फार अस्वस्थ झाला होता. त्याचं कोणीतरी बघत होतं. हिचं काय करायचं ते कोणाला कळत नव्हतं."

पालिकेच्या निवडणुकीला त्या उभ्या राहिल्या त्या एवढ्या एका गोष्टीसाठी. समोर तोच शेठ होता. बांधकामाचा ठेकेदार, गोरापान, हात जोडलेलेच असायचे त्याचे. प्रचाराला सुरुवात सत्यनारायणाने आणि मग रोज संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या चाळीत शिऱ्याचा प्रसाद. आमच्या वॉर्डाच्या सेक्रेटरीने शरयूताईंना सुचवलं की आपणही कचेरीच्या दारात एक नारळ फोडू, लोकांना बरं वाटतं.

"खोबरं खायचं असेल तर मी आणून देते," शरयूताई म्हणाल्या.

"तसं नाही हो ताई. लोकांच्या कलाने जरा."

"लोकांच्या कलाने म्हणजे शेठच्या कलाने. मी आज नारळ फोडला की उद्या तो दोन फोडणार. परवा मी देवळात, तेरवा तो पालखी काढणार. यात मी कधी जिंकणार? तो दुकान घालून बसलाय, मला त्याचं गिऱ्हाईक का करता?"

सेक्रेटरी बाहेर आल्यावर मला म्हणाला, "वसंता, बाई पडणार."

मलाही तेच वाटत होतं. मी त्यांचा प्रचारप्रमुख. पंचविशीत होतो, आणि मला जिंकायचं होतं. प्रसूतिगृहासाठी जिंकायचं होतं असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. नुसतं जिंकायचं होतं, हे जास्त खरं आहे.

मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी मी तात्यांकडे गेलो. तात्या चाळींतले वडीलधारे, गिरणीतून नुकते निवृत्त झालेले. गावी त्यांच्या घराण्याकडे गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवापुढे मागणं मांडायचा मान होता, म्हणून इथेही लग्न असो, साखरपुडा असो, नवी नोकरी असो, गाऱ्हाणं तात्याच घालायचे. माळाच्या कोपऱ्यात उंबराखाली एक दगड होता. कोणीतरी गावच्या राखणदार देवाच्या नावाने तो तिथे ठेवला होता. तात्यांना मी म्हणालो, लोक शेठचा शिरा खातायत, मतं फुटतील.

तात्या म्हणाले, "नारळार हात ठेवल्यार फुटूची नाय."

मी नको म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "मग ठेवू या."

पाळी सुटून माणसं आली तशी उंबराखाली जमली. शरयूताई तेव्हा टेकडीच्या पलीकडच्या चाळींत फिरत होत्या, त्या इकडे येणार नाहीत याची काळजी मीच घेतली होती. तात्यांनी नारळ ठेवला, एकेकाने शपथेसाठी त्यावर हात ठेवला, मग तात्यांनी हात जोडले आणि तो आवाज लावला. गाव सोडून किती वर्षं झाली असली तरी त्या आवाजाला हात आपोआप जोडले जातात.

"बारा पाचाच्या देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एकदम.

"आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली हत. सगळ्यांची मतां एका ठिकाणी ऱ्हवांदे!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या मास्तरीण बायेक निवडून हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथे थांबेल असं मला वाटलं होतं. पण गाऱ्हाण्यात देवाकडे नुसतं मागत नाहीत, द्यायचंही कबूल करतात. कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. मी कोकणातला होतो आणि तरी माझ्या ध्यानात आलं नाही.

"तसा केलंस, तर ह्याच माळार तुका देऊळ बांधून दितलों रे म्हाराजा!"

त्या क्षणी मला दोन गोष्टी करता आल्या असत्या. तोंड उघडून तात्यांना थांबवता आलं असतं किंवा गप्प राहता आलं असतं. मी दोन्हींतलं काहीच केलं नाही. सगळ्यांबरोबर मीही म्हणालो, "व्हय म्हाराजा." इतरांपेक्षा मोठ्याने म्हणालो असेन, कारण मला दिसत होतं की शपथ लोकांना बांधून टाकतेय.

परत येताना वखारीच्या दारात कासिम उभा होता. "नारळ ठेवलात?"

"हो."

"माका बोलावलास नाय ता?"

"अरे, तुमच्यात कसं चालेल..."

"गावाक आमच्या घराण्याचो नारळ आसता देवळात. आजापासून. तुज्या बापाशीक इचार." आणि तो आत जाऊन लाकडं रचायला लागला.

शरयूताई निवडून आल्या. थोड्या मतांनी, पण आल्या. मतमोजणीच्या जागेहून आम्ही त्यांना चाळींत घेऊन आलो तेव्हा गुलाल उधळला जात होता आणि त्या शिंकत होत्या. गर्दीतून त्यांनी मला ओढून बाजूला घेतलं. डोळ्यांत पाणी होतं. गुलालाचं असेल असं मी तेव्हा ठरवून टाकलं.

"बघितलंस? बघितलंस ना वसंता? नारळ नाही, प्रसाद नाही. नळावर आणि प्रसूतिगृहावर मतं दिली माणसांनी. आपण उगाच यांना अडाणी समजतो."

मी म्हणालो, "हो ताई."

पुढचं वर्षभर त्या अंधेरीपासून मुलुंडपर्यंत जिथे बोलावतील तिथे जाऊन हेच सांगत होत्या. कुठेही कार्यकर्ते म्हणाले की लोकांना धर्माशिवाय कळत नाही, की ताई उठायच्या. "माझ्या वॉर्डात या. मी दाखवते." त्यांच्या सगळ्या विचाराचा पुरावा आमचा वॉर्ड होता. शेजारी मी बसलेलो असायचो. टाळ्या पडायच्या, मीही वाजवायचो.

पालिकेत भांडभांडून त्यांनी माळाची जागा प्रसूतिगृहासाठी मंजूर करून घेतली. मोजणीवाले खुंट्या मारायला आले, तर उंबराखालच्या दगडाला ताजा शेंदूर, भोवती बांबूचं कुंपण आणि कुंपणाबाहेर सगळ्या चाळी उभ्या. निरोप मिळाला तशा शरयूताई शाळेतूनच आल्या, हाताला खडू लागलेला. मी त्यांच्याबरोबर.

"तात्या, हे काय? ही दवाखान्याची जागा. तुमच्याच सुनांसाठी."

"बाये, देवाक बोललेला आसा. ता फेडूक व्हया."

"काय बोललेलं?"

"तू निवडून इलंस तर हय देऊळ."

"मी? मी असं कधी सांगितलं?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोजणीवाल्याच्या खुंटीकडे बघत राहिलो. मग तात्याच म्हणाले, "तू नाय सांगलंस बाये. आमीच बोललों."

माझी बाजू राखली त्यांनी. शरयूताई एकेकाला समजावत फिरल्या. फाटकातल्या टांग्याची आठवण करून दिली, बायकांना नावाने हाका मारल्या. बायका रडल्यासुद्धा. पण एकीने सांगितलं, "बाई, देवाला फसवलं तर पोरं जगतील का दवाखान्यात?" या प्रश्नाला उत्तर माझ्याकडे होतं. मी तिथल्या तिथे म्हणू शकलो असतो की लोकहो, तुम्हाला बाईंनी नाही, मी बोलायला लावलं, ती शपथ माझी, पाप लागलं तर मला लागू दे. त्यांच्या भाषेतलं उत्तर होतं हे. कदाचित चाललं असतं.

घरी जाताना शरयूताई म्हणाल्या, "शेठने पढवलंय यांना. निवडणुकीत हरला, आता असा सूड घेतोय. तुला काय वाटतं?"

मी म्हणालो, "असेल."

एवढाच शब्द. त्याच्यावर पुढची सगळी वर्षं उभी राहिली.

आणि मग शेठ खरोखरच आला. विटा दिल्या, सिमेंट दिलं, हात जोडून. पक्षाने शरयूताईंना सांगितलं, ताणू नका, मतं जातील. त्या बैठकीत त्या एकट्या पडल्या. "आपणच असं म्हणायचं? मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक कुठला, झेंड्याच्या रंगाचा?" सेक्रेटरी म्हणाला, "ताई, तुम्ही पुस्तकातलं बोलता." त्या म्हणाल्या, "मी माझ्या वॉर्डातलं बोलतेय. तिथे एकदा झालंय." त्यांनी आधारासाठी माझ्याकडे पाहिलं. हात वर करायची वेळ आली तेव्हा माझा हात सेक्रेटरीच्या बाजूने होता. प्रसूतिगृह दुसऱ्या वॉर्डात गेलं, फाटकाच्या पलीकडे.

देऊळ झालं. देवळाच्या तोंडाशी वखार बरी दिसत नाही असं कोणीतरी काढलं. कोण ते कळलं नाही, अशा गोष्टी कोण काढतं ते कधीच कळत नाही. शरयूताई पालिकेत कासिमसाठी भांडल्या. पण आता त्यांचं ऐकत कोण होतं? देवाला फसवायला निघालेली बाई, अशी त्यांची ओळख झाली होती. कासिम मुंब्र्याला गेला. सामान हातगाडीवर चढवताना मी मदतीला गेलो, तर म्हणाला, "ऱ्हवांदे. तू जा, तुका उशीर होयत."

पुढच्या निवडणुकीला पक्षाने शरयूताईंना उभं केलं नाही. जो उभा राहिला त्याने प्रचाराचा नारळ त्याच देवळात फोडला. मीही होतो. मला प्रसाद मिळाला, मी खाल्ला.

शरयूताई शाळेत शिकवत राहिल्या. कोणाला बोल लावला नाही, फक्त सभांना जाणं सुटलं. आई गेल्यावर त्या मुलुंडला थोरल्या बहिणीच्या मुलाकडे राहायला गेल्या. मी अधूनमधून जायचो. त्या भाजी निवडत ऐकून घ्यायच्या. वर्तमानपत्रात कुठल्या दंगलीचं आलेलं असायचं, कुठल्या मंत्र्याने कुठल्या मठात साष्टांग घातल्याचं. मी म्हणायचो, काही खरं नाही ताई. त्या म्हणायच्या, "नाही कसं? आपल्याकडे एकदा झालं होतं ना."

त्या 'आपल्याकडे'ने मला पोखरलं. शेवटी एका दुपारी, चाळिशी उलटल्यावर, मी त्यांना सगळं सांगितलं. उंबर, तात्या, माझं 'व्हय म्हाराजा', माझं 'असेल'. काही लपवलं नाही. सांगताना मला वाटत होतं की त्या रागावतील, मला घराबाहेर काढतील, आणि ते बरं होईल.

त्या रागावल्या नाहीत. मेथीची जुडी हातात तशीच धरून म्हणाल्या, "म्हणजे तेव्हाही नाही."

"ताई?"

"मला वाटायचं एकदा तरी झालं. लोक नळाला मत देतात, दवाखान्याला देतात. मग शेठने त्यांना बिघडवलं. बिघडवलेलं नीट करता येतं रे, वेळ लागतो. पण झालंच नव्हतं म्हणजे..." त्या जुडीतली पानं खुडायला लागल्या. मग मान वर न करता विचारलं, "हे आज का सांगितलंस?"

"राहवेना. मन हलकं करावंसं वाटलं."

"कोणाचं?"

स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा वास आला, त्या उठून आत गेल्या. मी दारापर्यंत जाऊन थांबलो, पण त्या बाहेर आल्या नाहीत. भाचेसून येऊन म्हणाली, "मावशींना जरा पडायचंय म्हणतात."

त्यानंतर त्या वर्षभर होत्या. मी दोनदा गेलो. पहिल्यासारखाच चहा दिला, माझ्या आईची चौकशी केली. वर्तमानपत्रावर मी काही बोललो तर "हं" म्हणायच्या. भाच्याने सांगितलं की मतदानाच्या दिवशी त्याने रिक्षा आणून उभी केली, तर मावशी म्हणाली, तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते.